शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी परिसंवादात वाचलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून काल आणि आज आपण पुष्कळ आठवणी ऐकल्या. गणेशोत्सवाच्या निघाल्या, नाटकांच्या तालमींच्या निघाल्या, वाचनालयाच्या पहिल्या कपाटाचीही कथा सांगून झाली. त्या ऐकताना आमचेही मन भरून आले. आमच्याकडे सोपविलेला विषय मात्र आठवणींचा नाही. 'नोकरी करणारे कुटुंब आणि मंडळ' या विषयावर चार शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने आम्हांला सुचविले. विषय फार मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून त्यातला दिवसाचा एक लहानसा तुकडाच आम्ही घेतला आहे. मुलांची शाळा सुटते तेव्हापासून आईबाप कामावरून घरी पोहोचेपर्यंतचा हा तुकडा आहे. त्या चारपाच तासांत आमची मुले कोठे असतात, एवढाच आमच्या भाषणाचा विषय.

आम्ही म्हणजे कोण, हेही सांगितले पाहिजे. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत आणि तिच्या आसपास नोकरी करणारी, रांझी आणि आधारतालच्या बाजूला घरे करून राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे आहोत. हे भाषण वाचणारा आवाज एकाचा असला तरी ते लिहायला आम्ही पाचसहा जण एकत्र बसलो होतो. रविवारी बसलो, कारण इतर कोणत्याही दिवशी आमच्यापैकी दोघांची पाळी सारखी येत नाही. आणि बसलो तेव्हा आमची मुले आमच्याभोवतीच खेळत होती. आठवड्यातून एकच दिवस हे दृश्य दिसते.

ज्येष्ठ मंडळींना रिछाई फारशी परिचयाची नसेल. त्यांचे जबलपूर वेगळे होते. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती, आणि राजधानी नागपूरला होती. कचेऱ्या, न्यायालये, शाळा यांच्या निमित्ताने मराठी माणूस इकडे आला आणि येथलाच झाला. त्याच्या जोडीला संरक्षण कारखाने होते. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. खमरियाचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. व्हेईकल फॅक्टरी १९६९ मध्ये सुरू झाली. या कारखान्यांच्या आश्रयाने जी कुटुंबे वाढली त्यांची घडी ठरलेली होती. वडील भोंग्याबरोबर जात आणि भोंग्याबरोबर येत. राहायला वसाहतीत क्वार्टर असे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असे, आई घरी असे. आणि गोंदियाहून नैनपूरमार्गे येणाऱ्या छोट्या गाडीने आजी केव्हातरी येत. गाठोड्यात मेतकूट आणि गोधड्या बांधून आलेली ती आजी दोन महिने म्हणता म्हणता दोन वर्षे राहून जाई. शाळेतून आलेल्या मुलाला दार उघडायला कोणीतरी असते, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

रिछाईची घडी निराळी आहे. येथे लहानमोठे खाजगी कारखाने आहेत. कोणी मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग करतो, कोणी खाद्यपदार्थ बनवितो, कोणी छपाई, कोणी दुरुस्ती. येथे क्वार्टर नाही आणि वसाहतीची शाळाही नाही. नोकरी पुष्कळदा ठेकेदाराच्या हाताखालची असते. एका पगारात भाडे, फी आणि गावी पाठवायचे पैसे बसत नाहीत, म्हणून नवराबायको दोघेही कामावर जातात. पूर्वी आई नोकरीला जात असे ती बहुधा शाळेत शिक्षिका म्हणून, आणि तिची सुटी व मुलांची सुटी एकाच वेळी होई. आता ती यंत्रावर उभी असते, मालाची मोजदाद करते, पेट्या भरते, हिशेब लिहिते. तिची सुटी आणि मुलांची सुटी यांचा काही संबंध उरलेला नाही.

हा संबंध किती तुटला आहे, याचा आम्ही त्या रविवारी एक हिशेब मांडला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहावी ते आठवीसाठी हाच आकडा २२० दिवस आणि १००० तास आहे. आता कामगाराकडे पाहा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, हे कामाचे जुने माप. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २४०० तास झाले. जाण्यायेण्याचा आणि मधल्या सुटीचा वेळ यात धरलेलाच नाही. २४०० मधून ८०० वजा केले तर १६०० तास उरतात. शाळा किमानापेक्षा अधिक वेळ चालली, आणि पुष्कळ शाळा चालतात, तरी हजारभर तासांचे अंतर राहतेच. त्या हजार तासांत सात वर्षांचा मुलगा कोणाच्या नजरेखाली आहे, हे ना शाळेच्या हजेरीपटावर असते, ना कारखान्याच्या.

त्यातही हे वेळापत्रक स्थिर असते तर एक वेळ निभावले असते. जबलपूरची थंडी आपण जाणताच. जानेवारीत धुके उतरले की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो आणि सकाळची शाळा उशिरा भरू लागते. एप्रिलात ऊन तापले की ती लवकर सुटू लागते. मुलांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तथापि थंडी पडली म्हणून पहिली पाळी उशिरा सुरू झाल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. आदेश रात्री येतो, आणि सकाळी सहा वाजता नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे राहतात.

मग कुटुंबे काय करतात? आमच्यात जे जे प्रकार चालतात ते आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. त्यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही, कारण हे सर्व आम्हीच केलेले आहे.

पहिला प्रकार आजीआजोबांचा. सहा महिने वऱ्हाडातून सासूबाई येतात, सहा महिने नागपूरहून आई येते. पण गावी शेत असते, दुसऱ्या मुलाचीही लेकरे असतात, गुडघे दुखत असतात. शिवाय दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्याच्या घरी म्हाताऱ्या माणसाने बसायचे तरी कोठे? आजी आली की घर सावरते आणि गेली की पुन्हा उघडे पडते. दुसरा प्रकार उलटसुलट पाळ्यांचा. नवरा पहिल्या पाळीला, बायको दुसऱ्या पाळीला. मुलाजवळ कोणीतरी असते खरे, परंतु नवराबायकोची भेट दारात होते, आणि ती भेट किल्ली देण्याघेण्यापुरतीच असते. आमच्यातील एका जोडप्याने अशी तीन वर्षे काढली. रविवारी समोरासमोर बसल्यावर काय बोलावे हेच सुचत नसे, असे ते सांगतात. तिसरा प्रकार थोरल्या मुलीचा. नऊ वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या भावाला भरविते, निजविते, शेगडीजवळ जाऊ नकोस म्हणून दटावते. लोक तिला शहाणी म्हणतात. तिच्या वहीत गृहपाठ अपुरा का असतो, हे मात्र कोणी विचारीत नाही.

चौथा प्रकार शिकवणीचा. आपल्या शहरात शिकवण्यांना तोटा नाही. आमच्यापैकी काहींनी दुसरीतल्या मुलाला दोनदोन शिकवण्या लावल्या आहेत. मूल अभ्यासात मागे आहे म्हणून त्या लावलेल्या नाहीत. तेथे छप्पर आहे, पंखा आहे आणि दोन तास कोणीतरी मोठे माणूस समोर आहे, म्हणून लावल्या आहेत. सकाळी शाळेत बसलेले मूल दुपारी पुन्हा पाटी घेऊन बसते. पाचवा प्रकार शेजाराचा, त्याविषयी पुढे बोलू. आणि सहावा प्रकार आजकालचा. दाराला आतून कडी, हातात मोबाइल, आणि दर तासाला आईचा फोन, "जेवलास का? दार उघडू नकोस हं." यंत्राच्या आवाजात त्याचे उत्तर धड ऐकूही येत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्यापैकीच एका घरचा आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे कोणत्याही शाळेत होऊ शकते. एका हिवाळ्यात कोणा थोर व्यक्तीच्या निधनाची बातमी आली आणि शाळा अकरा वाजताच सुटली. पालकांना निरोप पाठविला असे शाळा म्हणते. तो आला तेव्हा आईचा फोन कारखान्याच्या फाटकावरच्या कपाटात होता. किल्ली तिच्या डब्याच्या पिशवीत होती. सात वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी घराच्या पायरीवर बसून राहिली. आई साडेपाचला आली तेव्हा पायरीवर फक्त दोन दप्तरे होती. त्या पाच मिनिटांचे वर्णन ती आजही करू शकत नाही. मुले शेजारच्या चाचींच्या घरी होती. गरम वरणभात खाऊन मुलगी निजली होती आणि मुलगा त्यांच्या नातवाबरोबर पतंगाला मांजा बांधीत होता. आईने हात जोडले तेव्हा चाची एवढेच म्हणाल्या, "इसमें क्या, बच्चे तो हमारे भी हैं."

या प्रसंगाकडे दोन रीतींनी पाहता येते. मुले सुखरूप राहिली, तेव्हा चिंतेचे कारण काय, असे कोणी म्हणेल. आम्हांला मात्र त्या रात्री झोप आली नाही. त्या दिवशी चाची घरी होत्या. त्या तीर्थाला गेल्या असत्या, नातेवाइकाकडे लग्नाला गेल्या असत्या, तर? आमची सारी व्यवस्था एका शेजारणीच्या चांगुलपणावर उभी होती, आणि तिला आम्ही तसे कधी विचारलेलेही नव्हते.

आता कोणी विचारील की, यासाठी कायदे आहेत ना? आहेत, आणि त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया काम करू लागल्या तेव्हा तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल होती. ती गोळी बाळगोळी म्हणून ओळखली जाई. दिवसभर मूल रडू नये म्हणून त्याला गुंगीत ठेवायचे आणि आईने साच्यावर उभे राहायचे. १९२० च्या दशकात या प्रकाराकडे डॉक्टरांचे व सरकारचे लक्ष वेधले गेले, आणि गिरण्यांत पाळणाघरे असावीत ही मागणी पुढे आली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. २०१७ च्या मातृत्व-लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची अट घातली. २०२० च्या कामगार संहितेत स्त्री-पुरुष असा भेद न करता पन्नासांहून अधिक कामगार हे माप धरले आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

या कायद्यांमागे ज्यांनी झीज सोसली त्यांच्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु रिछाईतून पाहताना त्यात दोन फटी दिसतात. पहिली फट आकड्याची. ज्या कारखान्यात वीसपंचवीस माणसे काम करतात तेथे पन्नासांचा नियम लागूच होत नाही, आणि लहान कारखान्यांची वसाहत म्हणजे असेच कारखाने. दुसरी फट वयाची, आणि ती अधिक खोल आहे. कारखान्याचे पाळणाघर सहा वर्षांखालील मुलांसाठी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. सरकारच्या पाळणा योजनेतील केंद्रेही सहा वर्षांपर्यंतच. सहावा वाढदिवस झाला की मूल शाळेचे झाले, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. शाळा मात्र त्याला दुपारी परत पाठविते. सहा वर्षे एक दिवसाचे मूल साडेबारा वाजता रस्त्यावर उभे असते आणि ते कोणत्याही योजनेच्या रकान्यात बसत नाही.

केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपन रजा मिळू लागली. संपूर्ण सेवेत ७३० दिवस, मुले अठरा वर्षांची होईपर्यंत. परीक्षेच्या वा आजारपणाच्या दिवसांत या रजेने कितीतरी मातांना हात दिला. आमच्या ठेक्यावरच्या भगिनी त्या रजेचे नाव ऐकून आहेत, एवढेच. आणि रजा ही शेवटी काम थांबविण्याची सोय आहे. रोजच्या दुपारीसाठी रोज रजा घेता येत नाही.

ही अडचण केवळ आमची आहे असेही नाही. गळ्यात किल्ली अडकवून शाळेत जाणाऱ्या मुलासाठी जर्मन भाषेत 'किल्लीचे मूल' अशा अर्थाचा शब्द आहे, इंग्रजीत तशाच अर्थाचा आहे, आणि जपानी भाषेतही आहे. तीन निरनिराळ्या समाजांना तेच दृश्य दिसले आणि तिघांनी त्याला तेच नाव दिले. स्वीडनमध्ये शाळेला जोडूनच फावल्या वेळाची घरे चालतात. आईबाप येईपर्यंत मुले तेथे खातात, खेळतात. जपानची गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते. तेथे नोकरी करणाऱ्या पालकांनी एकत्र येऊन, जागा मिळवून, शाळा सुटल्यानंतरची केंद्रे स्वतःच चालवायला सुरुवात केली. अनेक दशके ती तशी चालल्यावर १९९७ मध्ये बालकल्याण कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना कायद्याचा आधार मिळाला. आधी पालकांनी केले, मग सरकारने मान्य केले.

आपल्याकडे तरी काय झाले? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज भारतभर रूढ आहे, त्याच्या मागे हे अंगण आहे. १९६९ मध्ये दिल्लीला मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर, मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी, तंबूत पाळणाघर सुरू केले. त्याची पुढे 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था झाली. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. जेथे मूल आहे तेथे सोय गेली. सोय जेथे आहे तेथे मुलाने यावे, असा आग्रह कोणी धरला नाही.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. सुवर्णमहोत्सवाचा निधी जमतो आहे. सभागृहावर मजला चढवावा, रंगमंच नव्याने करावा, असे बेत कानावर आले. त्यांना आमचा विरोध नाही. या रंगमंचावर आमच्यापैकी काहींनी बालपणी नाटुकल्यांत कामे केली आहेत. आमची विनंती एवढीच की, त्या निधीचा एक भाग रिछाईच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेण्यासाठी वेगळा काढावा, आणि तेथे सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दुपारचे घर चालवावे.

सभागृह दिवसभर रिकामे असते, तेथेच का नको, असे काही सभासदांनी आम्हांला विचारले. सूचना सद्भावनेची आहे. परंतु सभागृह शहरात आणि मुले रिछाईत. सात वर्षांच्या मुलाने दोन वाहने बदलून तेथे यायचे, आणि संध्याकाळी कामावरून थकून आलेल्या आईने त्याला आणायला पुन्हा शहरात जायचे, तर मग चाचींचे घरच बरे. ताराबाईंनी जे केले तेच येथे करावे लागेल. मंडळाला मुलांच्या दारी जावे लागेल.

या घराची कल्पना आम्ही कागदावर उतरविली आहे, ती थोडक्यात सांगतो. दुपारी बारापासून सायंकाळी साडेसहापर्यंत दार उघडे असावे. शाळेला अचानक सुटी मिळाली, वेळ बदलली, तरी दार उघडे असावे, कारण गरज त्याच दिवशी सर्वांत अधिक असते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्यांत ते सकाळपासून उघडावे. दोन बाया नेमाव्यात आणि त्यांना पगार द्यावा. येथे 'पगार' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. मुले सांभाळणे ही सेवा आहे असे म्हणून मानधनाच्या नावाखाली चार पैसे हातावर ठेवले, तर ती बाई सहा महिन्यांत दुसरे काम शोधील, आणि तिचे बरोबरच असेल. कोणते मूल केव्हा आले, कोणाबरोबर गेले, याची वही असावी. ठरलेल्या माणसाशिवाय कोणाच्याही हाती मूल देऊ नये. स्वच्छ पाणी, मुलींसाठी कडी लागणारे शौचालय, जवळच्या डॉक्टरांचा फोन क्रमांक भिंतीवर. नेमणुकीपूर्वी चौकशी आणि पोलिसांकडची पडताळणी. फी मिळकतीप्रमाणे घ्यावी, पण प्रत्येकाकडून काहीतरी घ्यावी, म्हणजे कोणाला उपकाराखाली दबल्यासारखे वाटणार नाही.

अभ्यास? गृहपाठ करायला जागा आणि विचारायला माणूस असावे. त्यापलीकडे तेथे शिकवणी नसावी. दुपारी मुलाला भूक लागलेली असते, ते दमलेले असते. त्याला खायला द्यावे, पडायला सतरंजी द्यावी, मग मैदानात सोडावे.

येथे आम्ही ज्येष्ठांकडे एक मागणे मागतो. आपल्यापैकी कितीतरी निवृत्त आहेत. मुले पुण्याला, बंगळुरास, कोणी परदेशी. घर मोठे आणि दुपार लांब, असे आपणच आम्हांला सांगता. आठवड्यातून एक दुपार या घराला द्या. सांभाळण्याची जबाबदारी पगारी बायांची राहील. आपण फक्त येऊन बसा. पत्ते खेळा, गोष्ट सांगा, कोणाचे बटण तुटले असेल तर लावून द्या. नातवंडे दूर असलेले आजीआजोबा आणि आजीआजोबा दूर असलेली नातवंडे या एकाच शहरात राहतात, आणि त्यांची गाठ वर्षातून एकदा गणपतीच्या आरतीला पडते.

मंडळात दर वर्षी एक प्रश्न निघतो की, पुढची पिढी मराठी बोलेल का? आम्ही त्यावर पुष्कळ ठराव ऐकले. आमच्या मुलांची मराठी नेमकी कोठे कमी झाली, हे आम्ही सांगू शकतो. ती त्या दुपारच्या तासांत कमी झाली. शाळेची भाषा निराळी, रस्त्याची हिंदी, आणि घरी दार उघडणारे कोणी नाही. संध्याकाळी सातला आलेली आई चारच वाक्ये बोलते, "हात धुतलेस का, अभ्यास झाला का, जेवायला चल, झोप आता." एवढ्या शब्दांवर भाषा कशी जगणार? मराठीचा वर्ग काढला तर मुले कंटाळतील. पण कोणी "अरे, सावकाश खा, ठसका लागेल" असे म्हणत थालीपीठ वाढले, तर ती भाषा न शिकविता येते. आमच्या आज्यांनी तशीच शिकविली.

मग हे घर मराठी मुलांपुरतेच का? आमचे उत्तर स्पष्ट आहे की, नसावे. ज्या चाचींनी आमच्या लेकरांना वरणभात घातला त्यांनी ती कोणत्या मंडळाची आहेत हे विचारले नव्हते. शेजारची जी मुले येतील ती येवोत. त्यांच्याही कानावर चार मराठी शब्द पडले तर बिघडले काय?

आणखी एक आक्षेप आहे, तो उघडपणे कोणी घेत नाही, पण ऐकू येतो. आईने घरी राहावे म्हणजे हे प्रश्नच निघणार नाहीत, असा तो आहे. यावर आम्ही वाद घालीत नाही. आमच्यातील एका भगिनीने शांतपणे एवढेच सांगितले की, तिने दोन वर्षे नोकरी सोडून पाहिली, आणि तिसऱ्या वर्षी मुलाचे नाव चांगल्या शाळेतून काढावे लागले. मुलासाठीच ती घरी राहिली होती आणि मुलासाठीच पुन्हा कामावर गेली. आणि हा प्रश्न आईचाच का म्हणावा? आज हे भाषण लिहिताना आमच्यात बापही बसले होते. मुलाच्या दुपारची काळजी यंत्रावर उभे असताना त्यांनाही लागते, फक्त ते तसे बोलून दाखवीत नाहीत.

अडचणी येतील, हे आम्ही जाणतो. पैसा अपुरा पडेल. पहिल्या वर्षी मुले थोडी येतील आणि खर्च तेवढाच राहील. एखाद्या मुलाला खेळताना लागेल आणि कोणीतरी मंडळाला जाब विचारील. या भीतीने सुरुवातच करू नये असे म्हणणारे असतील. त्यांना आमचे सांगणे असे की, धोका आजही आहे. आज तो रिछाईतल्या बंद दारांआड विखुरलेला आहे, म्हणून मंडळाच्या इतिवृत्तात दिसत नाही. आम्ही पालक आपला वाटा उचलू. रविवारी खोल्या झाडू, किराणा आणू, हिशेब लिहू. एक वर्ष चालवून पाहू, आणि वार्षिक सभेपुढे जमाखर्च ठेवू.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले त्यांच्यापुढे प्रश्न होता की, घरापासून दूर आलेल्या माणसाला सणासुदीला आपले माणूस कोठे भेटणार? त्यांनी त्याची सोय केली, म्हणून आज आपण येथे जमलो आहोत. आमच्यापुढचा प्रश्न सणाचा नाही, रोजच्या दुपारचा आहे. पुढच्या वर्षीच्या अहवालात गणेशोत्सवाच्या आणि नाटकाच्या वृत्तांताखाली एक ओळ यावी, अशी आमची इच्छा आहे. वर्षभरात रिछाईच्या घराचे दार किती दुपारी उघडले, एवढीच ती ओळ.

 सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांना आठवड्यातली एक दुपार देणे शक्य असेल त्यांनी आपले नाव आणि वार तीत लिहावा, ही विनंती.